आरोग्याचा रकाना

इंदूरच्या आमच्या मंडळाला पन्नास वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघणार आहे आणि तीत माझा परिचय छापायचं ठरलं आहे. नचिकेत हा आमचा तरुण सचिव. त्यानं स्वतःच मसुदा लिहून मोबाइलवर धाडला. 'मालोजीराव जगदाळे, वय चौसष्ट, विजेच्या खात्यातून निवृत्त. गेली बावीस वर्षं समाजाची वधूवर सूची एकहाती काढतात. शेकडो घरांच्या गोष्टी ज्यांच्या पोटात सुखरूप आहेत असा माणूस.' खाली हात जोडल्याची दोन चित्रं.

शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. नचिकेत चांगला मुलगा आहे, पण त्याला काय ठाऊक? म्हणून हा परिचय मीच लिहितो आहे. छापण्याजोगा वाटला नाही तर त्यानं आपलंच पान लावावं, मी तक्रार करणार नाही. यात ज्या दोन मुलींची नावं येतात त्यांना विचारून लिहितो आहे. यामिनी म्हणाली, "लिहा काका, मला काही प्रॉब्लेम नाही." माझी मुलगी खुशी म्हणाली, "लिहा, पण खरं लिहा." चौदा वर्षांपूर्वी मला असं कुणाला विचारायचं सुचलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

तर सूचीबद्दल आधी सांगतो. दर वर्षी संक्रांत झाली की अर्ज यायला लागतात. फोटो, शिक्षण, गोत्र, उंची, मामाचं कूळ. अर्जात सगळ्या मुली पाच फूट दोन इंचांच्या पुढे असतात आणि सगळी मुलं निर्व्यसनी असतात. शेवटून दुसरा रकाना आरोग्याचा. त्यात मी आजवर 'उत्तम' सोडून दुसरा शब्द वाचलेला नाही. सूची छापून वाटली की माझं खरं काम सुरू व्हायचं. देवास, धार, बडोदा, कुठून कुठून फोन यायचे. "मालोजीराव, पुस्तकात आहे ते ठीक आहे हो, आतली गोष्ट काय ती सांगा ना." आणि मी सांगायचो. चारचौघांत माझा शब्द चालतो, माझ्या एका 'हूं'वर लग्नं जुळतात आणि मोडतात, याची मला गोडी लागली होती. खात्यात मी साधा बाबू होतो. इथं मी सरदार होतो. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणतात, त्यांचा सगळा रुबाब मी टेलिफोनवर वापरून घेतला.

यामिनीची आई इंदुमतीवहिनी आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. यजमान लवकर गेले, मुलगी एकुलती एक. यामिनी चोवीस वर्षांची झाली तेव्हा वहिनी अर्ज घेऊन घरी आल्या. माझी बायको प्रेमलता चहा करत होती. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारायचं होतं. यामिनीच्या हृदयात जन्मापासून छोटंसं भोक होतं. चार वर्षांची असताना मुंबईला बंद केलं. तेव्हापासून काही म्हणजे काही त्रास नाही, डॉक्टरनं सगळी सूट दिलीय. हे अर्जात लिहायचं का?"

मी मोठेपणानं म्हणालो, "वहिनी, जे बरं झालं ते झालं. लिहा 'उत्तम'. माझ्यावर सोडा."

त्यांनी माझ्यावर सोडलं. दोन महिन्यांनी देवासच्या एका घरानं यामिनीला पसंत केलं. साखरपुड्याची तारीख काढायच्या आधी मुलाच्या वडिलांनी मला फोन केला. मी मुलीची तोंडभरून स्तुती केली आणि मग माझ्यातला सरदार जागा झाला. म्हणालो, "बाकी सोन्यासारखी मुलगी आहे. फक्त हृदयाचं काहीतरी होतं म्हणतात. तुम्ही आपली चौकशी करून घ्या." एवढंच. मोजून तीन वाक्यं. बरं झालं आहे, डॉक्टरांनी सूट दिली आहे, हे मला माहीत असून मी ते सांगितलं नाही. 'होतं म्हणतात' मध्येच थांबलो, कारण तिथं थांबलं की ऐकणारा कान टवकारतो. देवासच्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. मी स्वतःला सांगितलं, आपण कर्तव्य केलं.

पुढच्याच वर्षी खुशीच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. खुशी तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत, खो-खोमध्ये कुणाच्या हाती न लागणारी. तपासणीच्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलीच्या हृदयातून एक जादा आवाज ऐकू येतो, त्याला मर्मर म्हणतात. घाबरलेला चेहरा बघून त्यांनी मला बसवलं आणि शांतपणे समजावलं. पुष्कळ मुलांना असा आवाज असतो. रक्त वाहताना होतो तो, आणि बहुतेकांचं हृदय अगदी ठणठणीत असतं. वय वाढलं की आवाज आपोआप जातो. तरी एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या म्हणजे खात्री होईल, खात्री झाली की हे विसरून जा. मात्र हिला खेळताना इतर मुलांपेक्षा जास्त दम लागला, छातीत दुखलं किंवा धडधडलं, ओठ निळसर दिसले, पायांना सूज आली किंवा चक्कर येऊन पडली, तर एक दिवसही थांबू नका. त्यांनी हे सगळं एका चिठ्ठीवरही लिहून दिलं.

मला एकूण एक शब्द समजला होता. मी ढ नाही. हे आवर्जून लिहितो, कारण नंतर जवळच्या दोघा-तिघांनी माझी बाजू घेत म्हटलं की जुन्या माणसांना अशा गोष्टी कळत नाहीत. मला कळल्या होत्या.

इकोसाठी पलासियाचा एक दवाखाना आमच्याकडच्या सगळ्यांच्या माहितीतला. तिथं तेव्हा मशीनवर नवीन मुलगी लागली होती, यामिनी. लहानपणापासून दवाखाने पाहिलेले, म्हणून तिनं तोच अभ्यासक्रम केला होता. मी त्या दवाखान्याच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. तिच्यासमोर उभं राहायची लाज होती, हे आज लिहितो. तेव्हा मनात दुसरंच होतं. मी तिच्याबाबतीत जे केलं ते ती खुशीच्या बाबतीत करील, ही भीती. उद्या खुशी मोठी होईल, तिचा अर्ज त्याच सूचीत जाईल, आणि कुणीतरी कुणालातरी म्हणेल, 'हृदयाचं काहीतरी होतं म्हणतात.' या वाक्याची ताकद माझ्याइतकी इंदुरात कुणाला माहीत नव्हती.

इंदुरात दुसरे डॉक्टर नव्हते का? होते. पण प्रत्येक ठिकाणी मला आमच्यापैकी कुणीतरी दिसायचं. एकदा हिय्या करून खुशीला घेऊन उज्जैनला निघालो, तिथं कोण ओळखणार म्हणून. सरवटे बसस्टँडवर मंडळाचे धनेशभाऊ भेटले. "क्या बात है मालोजी, कुठं?" मी म्हणालो, "महाकालच्या दर्शनाला." ते म्हणाले, "अरे वा, मी पण." झालं. आम्ही तिघांनी दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि संध्याकाळी परत आलो. इको राहिला तो राहिलाच. चिठ्ठी मी प्रेमलताच्या देखत सूचीच्या जुन्या अर्जांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तपासणी केली नाही, पण भीती मात्र सोडली नाही. उलट ती सगळी खुशीच्या अंगावर घातली. खो-खो बंद, शाळेला पत्र की तब्येत नाजूक आहे. नवरात्रात गरब्याला फक्त बघायला जायचं. मैत्रिणी पातालपाणीच्या धबधब्याला निघाल्या की आमच्या घरी काहीतरी काम निघायचं. खुशीला कारण कधी सांगितलं नाही. "तू जरा कमजोर आहेस बेटा," एवढंच. असं पाच-दहा वर्षं सांगितलं की मूल तसंच वागायला लागतं. ती जिन्यात थांबून माझ्याकडे बघायची, चढू का म्हणून. प्रेमलता अधूनमधून म्हणायची, "अहो, एकदा दाखवून टाकू ना." मी तिच्यावर डाफरायचो. आमच्या घरात माझा आवाज मोठा, आणि त्याची तपासणी कधी कुणी केली नाही.

बी.ए. झाल्यावर खुशी भंवरकुआंला कोचिंगला जायला लागली. मी समजत होतो बँकेच्या परीक्षेची तयारी आहे. तिनं फॉर्म भरला होता पोलिसांचा. लेखी परीक्षा पास झाली तेव्हा पेढे आणले आणि मग सांगितलं. आता शारीरिक चाचणी होती, आठशे मीटर धावायचं. मी पेढा हातात धरून म्हणालो, "तुझ्याच्यानं नाही होणार." ती दुसऱ्या दिवसापासून कोचिंगच्या आधी अनुश्री नावाच्या मैत्रिणीबरोबर चिमणबागेच्या मैदानावर पळायला जाऊ लागली. हे मला फार उशिरा कळलं.

मला दुसरं दिसत होतं. पोरीचा चेहरा फिका पडला होता. दोन मजले चढून आली की दाराशी टेकून उभी राहायची. रात्री म्हणायची, "छातीत धडधड होऊन राहिलीय." जेवण अर्धवट. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मला तोंडपाठ होतं आणि त्यातल्या दोन गोष्टी रोज माझ्या दारात उभ्या राहत होत्या. मी तिला म्हणायचो, "आराम कर." मनात म्हणायचो, खरंच काही निघालं तर? आणि त्या 'तर'च्या पुढे मला हॉस्पिटल दिसत नव्हतं, मंडळाचा हॉल दिसत होता.

चाचणीला अठरा दिवस राहिले होते. सकाळी साडेआठला अनुश्रीचा फोन आला. "अंकल, खुशी पळता पळता पडली. दोन मिनिट होशच नव्हता. भंवरकुआंच्या डॉक्टरकडे आणलीय." मी आणि प्रेमलता पोचलो तेव्हा खुशी टेबलावर आडवी होती. तरुण डॉक्टर तिच्या छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकत होता. मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "अंकल, इनको मर्मर है. पहले कभी किसी ने बताया था?"

मी म्हणालो, "नहीं. पहली बार सुन रहा हूं."

माझी मुलगी समोर पडली होती, डॉक्टरला खरं कळणं गरजेचं होतं, आणि मी हे म्हणालो. या परिचयात मला एकच वाक्य ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवीन.

डॉक्टरनं रक्त तपासायला घेतलं आणि म्हणाला, पळताना शुद्ध हरपली आणि हृदयात आवाजही आहे, तेव्हा इको आजच्या आज व्हायला हवा, उद्यावर टाकू नका. घरी येऊन प्रेमलतानं माझ्यासमोर हात पसरला. "कपाटाची चावी द्या." तिनं चिठ्ठी काढली, पर्समध्ये घातली आणि म्हणाली, "मी पलासियाला नेतेय. तुम्हाला यायचं असेल तर या." छत्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा माझ्या उत्तरासाठी थांबली नाही.

मी मागोमाग गेलो. यामिनीनं नाव पुकारलं, आम्हाला पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ये खुशी. काकू, तुम्ही पण आत या. काका, तुम्ही बसा जरा." मी वीस मिनिटं बाकावर बसलो. तेरा वर्षं टाळलेली गोष्ट वीस मिनिटांची होती. मग तिनं मला आत बोलावलं. प्रेमलता डॉक्टरांना चिठ्ठी दाखवायला शेजारच्या खोलीत गेली होती. खुशी पडद्यामागे कपडे ठीक करत होती. यामिनी मशीन पुसत होती.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "यामिनी, बेटा, जे काही निघालं असेल ते बाहेर जायला नको. मुलीच्या लग्नाचं आहे."

तिनं फडकं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, की कडवट केला नाही. म्हणाली, "काका, इथं आपल्या समाजातले रोज चार-पाच लोक येतात. तेरा वर्षं झाली. माझ्याकडून कुणाचं काही ऐकलं तुम्ही?"

मी आठवून पाहिलं. ज्या माणसाच्या कानावर सगळ्या इंदूरचं यायचं, त्यानं त्या खोलीतलं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं.

"आणि मला माहीत आहे," ती पुढे म्हणाली. "देवासच्यांनी तुमचं नाव तेव्हाच सांगितलं होतं. फोन आईनंच घेतला होता."

इंदुमतीवहिनी त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला आमच्या घरी तिळगूळ घेऊन आल्या होत्या. दर वर्षी माझ्या हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' म्हणाल्या होत्या, आणि मी दर वर्षी हसून दोन लाडू जास्त मागून घेतले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. दवाखान्याची फरशी होती, तिनं काही घेतलं नाही. मी उभाच राहिलो.

तेवढ्यात डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत बोलावलं. सकाळच्या रक्ताचा रिपोर्टही मोबाइलवर आला होता. ते म्हणाले, "हार्ट बिलकुल ठीक आहे. झडपा ठीक, भोक वगैरे काही नाही. लहानपणीचा आवाज निर्दोषच असणार. आत्ताचा आवाज वेगळ्या कारणानं आहे. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन सात आहे, बारा तरी पाहिजे. रक्त असं कमी झालं की हृदयाला ते जोरात फिरवावं लागतं, म्हणून आवाज, म्हणून दम, म्हणून धडधड आणि चक्कर. औषधानं भरून येईल, रक्त का कमी झालं तेही बघू. पण या अवस्थेत आठशे मीटर पळणं म्हणजे वेडेपणा होता. दोन-तीन महिने धावणं बंद."

खुशी म्हणाली, "सर, अठरा दिवसांनी माझी फिजिकल आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. मग चिठ्ठीवरची तारीख पाहून माझ्याकडे बघत म्हणाले, "इको तेव्हाच झाला असता तर ही मुलगी तेव्हाच खेळायला मोकळी होती. आणि सहा महिन्यांपूर्वी दम लागायला लागला तेव्हा आणली असती तर आज ती पळू शकली असती. नशीब की हार्टचं नव्हतं. असतं तर आपण दुसरंच काही बोलत असतो."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मी सोडून. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या आतून हे येत होतं की पोरीला काहीच नव्हतं. नऊ वर्षांची होती तेव्हाही नव्हतं. तिचा खो-खो, तिचा गरबा, तिचं पातालपाणी आणि आता तिची नोकरी, हे सगळं कोणत्या आजारानं नेलं नाही. मी नेलं.

प्रेमलता औषधं घ्यायला थांबली आणि रिक्षानं येते म्हणाली. मी आणि खुशी स्कूटरजवळ आलो. पलासियाची रहदारी अंगावर येत होती. मी हेल्मेट हातात धरून किल्ली शोधायचं नाटक करत होतो.

"पप्पा," खुशी म्हणाली, "मी पडद्यामागं होती. देवासचं काय?"

मी सांगितलं. तीन वाक्यंही सांगितली, शब्द न बदलता. उज्जैनचंही सांगितलं. भंवरकुआंला डॉक्टरशी खोटं बोललो ते तिनं ऐकलंच होतं. ती रडली नाही, चिडली नाही.

मग म्हणाली, "मी एवढी वर्षं समजत होती की तुम्हाला माझी काळजी आहे, म्हणून पळू नाही देत."

"होतीच ग."

"नाही पप्पा. काळजी असती तर दाखवलं असतं."

या वर्षीच्या अर्जातून आरोग्याचा रकाना मी का काढला, असं नचिकेतनं परवा विचारलं होतं. आता हे वाचून त्याला कळेल.

मी स्कूटर सुरू केली. लहानपणापासून खुशी मागे बसली की माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरते, अगदी कॉलेजला जायला लागली तरी. घरापर्यंतच्या रस्त्यात मला पाठीशी ती मूठ जाणवली नाही. गीता भवनच्या सिग्नलला मी आरशात पाहिलं. तिनं मागची दांडी धरली होती.